तंबोरा कुठे गेला?

बेळगाव-निपाणीच्या आमच्या भागात पाहुणा आला म्हणजे तो कुंद्याची चौकशी करतो, तंबाखूची करतो आणि येथल्या भाषेचीही करतो. गाण्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. वस्तुतः बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हेच पुढे कुमार गंधर्व या नावाने सर्व देशाला परिचित झाले. दक्षिणेकडे धारवाडच्या वाटेला लागावे तर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि गदग भागातले भीमसेन जोशी. उत्तरेकडे वळावे तर मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ आणि कोल्हापुरात राहिलेले अल्लादिया खाँ. या दोन्ही बाजूंच्या मध्ये आम्ही वसलो आहोत. घरी कानडी बोलणाऱ्या गवयाने मराठी अभंग म्हणावा आणि तो ऐकताना कोणाची मातृभाषा कोणती हे कोणाच्याही ध्यानात येऊ नये, ही आमच्याकडची नित्याची गोष्ट. रेडिओची सुई एका बाजूला फिरवली की धारवाड लागे, दुसऱ्या बाजूला फिरवली की सांगली. आमच्या पिढीचे कान हे असे घडले.

गेल्या वर्षी आमच्या निपाणीच्या घराची डागडुजी निघाली, तेव्हा या कानांची परीक्षा होण्याचा प्रसंग आला. माळ्यावरच्या वस्तू खाली आल्या. त्यांत दोन ट्रंका वडिलांच्या होत्या. वडील, ज्यांना घरीदारी सर्वजण अण्णा म्हणत, ते तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या एका ट्रंकेत जुन्या लाखेच्या तबकड्या निघाल्या आणि दुसरीत बहात्तर कॅसेटी. माळा पाडून तेथे स्लॅब टाकायचा होता. ट्रंका ठेवायला जागा उरणार नव्हती.

आमची कन्या बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. ती सुटीत घरी आलेली होती. तिने एका वाक्यात प्रश्नाचा निकाल लावला. "बाबा, हे सगळं आता फोनवर मिळतं. तेही हाय-रिझोल्यूशनमध्ये. ह्या पेट्यांतल्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं. महिन्याची वर्गणी भरली की झालं."

आमच्या मातोश्री जवळच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचे वय ब्याऐंशी. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त एक कॅसेट उचलून पदराने पुसली आणि परत जागेवर ठेवली. आम्ही पडलो शाळामास्तर. "शंभर पटींनी" हे शब्द कानी पडताच आम्ही म्हणालो, "ठीक आहे. परीक्षा घेऊ, आणि मग ठरवू."

अंकांचा हिशेब

परीक्षेपूर्वी अभ्यास हवा. हा अभ्यास कन्येने आमच्याकडून करून घेतला, आणि तो वाचकांपुढे थोडक्यात ठेवणे अगत्याचे आहे. कारण या सेवांच्या जाहिरातींत जे आकडे झळकतात त्यांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो.

आवाज म्हणजे हवेतील कंप. अंकीय मुद्रणात या कंपाचे एका सेकंदात हजारो वेळा माप घेतात व ते अंकांत लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये, म्हणजे सीडीमध्ये, सेकंदाला ४४,१०० मापे घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. 'हाय-रिझोल्यूशन' म्हणजे याहून अधिक बारीक माप: २४ बिट, आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० मापे. या शेवटच्या प्रकारात सेकंदाला ९,२१६ किलोबिट होतात, म्हणजे सीडीच्या साडेसहा पट.

याउलट फोनवर आपण जे नेहमीचे गाणे ऐकतो ते ९६, १६० किंवा फार तर ३२० किलोबिटांचे असते. हे कसे साधते? मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर पुष्कळ मजकूर गाळून टाकतात. 'लॉसलेस' या प्रकारात मात्र काहीच गाळत नाहीत. मजकुराची केवळ आटोपशीर घडी घालतात. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचे तर लॉसलेस म्हणजे लघुलिपी. तिच्यातून मूळ भाषणाचा शब्दन्‌शब्द परत मिळतो. ३२० किलोबिटांचे गाणे म्हणजे हुशार विद्यार्थ्याने केलेला सारांश, आणि ९६ किलोबिटांचे म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला सारांश.

या क्षेत्रात मोठ्या कंपन्या उतरल्या त्यालाही फार काळ लोटलेला नाही. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जादा आकार न घेता लॉसलेस संगीत देण्यास आरंभ केला. त्यात २४ बिट व १९२ किलोहर्ट्झपर्यंतची सोय आहे. स्पॉटिफाय बरीच वर्षे ३२० किलोबिटांवर थांबलेले होते. त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये २४ बिट व ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतच्या लॉसलेस संगीताची घोषणा केली. डेटाचा हिशेबही गृहस्थी माणसाने करावा. ३२० किलोबिटांचे एक तासाचे गाणे १४४ मेगाबाइट खाते. २४ बिट-१९२चे तेवढेच गाणे घडी न घालता चार गिगाबाइटांच्या वर जाते, आणि घडी घातली तरी सहसा दोनच्या आसपास उरते.

परीक्षेची रीत

अशा परीक्षेत माणूस स्वतःला फार लवकर फसवतो. पडद्यावर 'हाय-रिझोल्यूशन' अशी सोनेरी खूण दिसली की आवाजही सोनेरी वाटू लागतो. म्हणून कन्येने दोन अटी घातल्या. पहिली अट अशी की, ऐकणाऱ्याने फोनकडे पाठ करून बसावे आणि कोणते गाणे कोठून लागले हे फक्त लावणाराला ठाऊक असावे. दुसरी अट अधिक महत्त्वाची होती: दोन्हींचा आवाज मोठेपणात नेमका सारखा असावा. निरनिराळ्या सेवा एकच गाणे कमीजास्त आवाजात वाजवतात, आणि जे किंचित मोठे वाजते ते आपल्याला अधिक स्वच्छ व भरदार वाटते. दुकानदारांना हे मर्म फार पूर्वीपासून अवगत आहे. आम्ही ध्वनी मोजणारे एक फुकटचे साधन दुसऱ्या फोनवर घेऊन दोन्हींचा आवाज जुळवला.

प्रत्येक जोडीच्या सोळा फेऱ्या घेतल्या. डोळे मिटून नाणे उडवणाराचेही सोळांपैकी आठ अंदाज बरोबर येतात. बारा किंवा अधिक बरोबर येणे हे निव्वळ दैवाने शंभरात सुमारे चार वेळाच घडते. म्हणून 'बारा म्हणजे उत्तीर्ण' असा नियम केला. आमच्या शाळेतील पस्तीस टक्क्यांपेक्षा हा नियम बराच कडक आहे, हे आम्हांला मान्य आहे.

ब्लूटूथचे हेडफोन वर्ज्य केले. याचे कारण वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. नेहमीच्या ब्लूटूथमधून जाताना गाण्याचा पुन्हा एकदा सारांश होतो. उंची सेवेची वर्गणी भरून ते गाणे साध्या ब्लूटूथवर ऐकणे म्हणजे केशर घालून केलेले दूध गढूळ पेल्यातून पिणे होय. आम्ही वायरचा हेडफोन, फोनला जोडण्याची अंकांचा पुन्हा आवाज करणारी एक डबी, आणि आमच्या कॅसेटच्या काळातील लाकडी स्पीकरांची जोडी एवढे साहित्य घेतले.

निकाल

९६ किलोबिट विरुद्ध लॉसलेस या पहिल्या जोडीत आम्ही सोळांपैकी पंधरा गुण मिळवले. भजनातल्या टाळांनी चोरी पकडून दिली. कमी किलोबिटांत टाळांचा झणत्कार पाण्यात बुडवून काढल्यासारखा होतो आणि मैफलीतील टाळ्या तर पत्र्यावरच्या पावसासारख्या वाटतात. हा फरक कोणालाही कळेल. त्यासाठी संगीताची जाण लागत नाही.

३२० विरुद्ध लॉसलेस या जोडीत आमचे नऊ आले, कन्येचे दहा. दोघेही नापास. सीडीच्या दर्जाचे विरुद्ध २४ बिट-१९२चे या जोडीत आम्हांला सात गुण पडले, म्हणजे नाण्यापेक्षाही एक कमी. कन्येला आठ.

आमचे कान पन्नाशी ओलांडलेले, म्हणून असे झाले काय? काही अंशी होय. माणसाचा कान तरुणपणी फार तर सेकंदाला वीस हजार कंपांपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ही मर्यादा खाली उतरत जाते. परंतु सीडीच्या मापात मुळात वीस हजारांच्या वरपर्यंतचे सर्व काही मावते. त्यापुढचे जे हाय-रिझोल्यूशनमध्ये साठवले जाते ते फार करून वटवाघळांच्या उपयोगाचे.

मोठ्या प्रमाणावरही असेच अनुभव आलेले आहेत. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत ५५४ फेऱ्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. २०१६ साली लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अठरा अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. आधी कानांना शिकवण दिलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक अगदीच नाही असे नव्हे. पण तो 'शंभर पटींनी' तर नव्हेच.

याउलट ज्यांना एक पैसाही पडला नाही अशा गोष्टींनी केवढा तरी फरक पडला. पंखा बंद केला. स्पीकर लोखंडी कपाटावरून उतरवून लाकडी स्टुलांवर ठेवले. समोरच्या उघड्या भिंतीवर मातोश्रींची जुनी वाकळ टांगली. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज वाकळीने शोषून घेतला आणि गाणे एकदम जवळ आले. हा फरक ओळखायला सोळा फेऱ्यांची गरज पडली नाही.

मातोश्रींचा प्रश्न

येथवर कन्येची आणि आमची बरोबरी झाली होती, आणि ट्रंकांचा निकाल मात्र लागलेला नव्हता. शेवटी एक वेगळी जोडी लावली. एका दिवंगत गवयाची साठीच्या दशकातली मैफल. तेच मुद्रण दोन सेवांवर होते. एकीवर ते साध्या दर्जाचे, आणि फितीची खरखर तशीच ठेवलेली. दुसरीवर तेच 'नव्याने संस्कारित', हाय-रिझोल्यूशनच्या खुणेसह, काचेसारखे स्वच्छ. सेवांची नावे येथे घेण्याचे प्रयोजन नाही.

कन्येला आणि आम्हांला दुसरे आवडले. खरखर नाही, आवाज ठळक. मातोश्री खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असाव्यात असे आम्हांला वाटले. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"अगं, ह्यातला तंबोरा कुठं गेला?"

कन्येने पुन्हा पहिले लावले. खरखरीच्या मागे, आमच्या ध्यानातही न आलेला, तंबोरा संथपणे बोलत होता. दुसरे लावले. तंबोरा नाही, आलापाच्या मधल्या जागा नुसत्या रिकाम्या. पाच वेळा आलटूनपालटून लावले आणि पाचही वेळा मातोश्रींनी अचूक सांगितले. सहाव्या खेपेला त्या उठल्या. "पुरे आता, दिवेलागण झाली," एवढे बोलून आत गेल्या.

याचे कारण कन्येने मग समजावून सांगितले. खरखर काढणारे यंत्र सतत, एकसारख्या व मंद चालणाऱ्या आवाजाला 'कचरा' समजते. तंबोरा हाही सतत, एकसारखा आणि मंदच. आमच्यापासून फार दूर नसलेल्या मिरजेत तंबोरे घडवतात; तेथल्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला तासून तासून जवारी लावतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तेव्हा कोठे एका तारेतून अनेक सूक्ष्म स्वरांचे झुंबर निघते. ते झुंबर काही वटवाघळांच्या पट्टीत नसते. ब्याऐंशी वर्षांच्या कानालाही जे ऐकू येते त्याच मधल्या पट्टीत त्यातले पुष्कळसे असते. मुद्रण स्वच्छ करताना कोणीतरी ते खरखरीबरोबर झाडून टाकले, आणि मग त्या रिकाम्या जागेचे अत्यंत बारीक माप घेऊन आमच्या घरी पोहोचवले.

त्या क्षणी आम्हांला सर्व प्रकरणाचा उलगडा झाला. किलोबिटांचा आकडा हे भांड्याचे माप आहे. भांड्यात काय ओतले आहे ते तो सांगत नाही. १९२५ सालापर्यंत गवयाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे, आणि आवाजाचा केवळ मधला पट्टा तबकडीवर उतरत असे. त्या तबकडीचे २४ बिट-१९२ केले म्हणून जे मुळात उतरलेच नाही ते परत येत नाही. तरीही ती मुद्रणे लहान ठरत नाहीत. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतील सुवर्ण तबकडीवर अवकाशात गेली. ती निवडताना किलोहर्ट्झचा विचार कोणी केला नव्हता.

घेताना आणि देताना

मग बारीक मापाचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. पण तो गाणे साठवताना. जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन करणाऱ्या संस्थांचा जो आंतरराष्ट्रीय संघ आहे, तो जुन्या फिती व तबकड्या अंकांत उतरवताना २४ बिट आणि निदान ४८ किलोहर्ट्झ, शक्य तर ९६, असे माप घेण्यास सांगतो. कारण मूळ वस्तू झिजते, फितीवरचा लेप सुटतो, आणि पुन्हा संधी मिळेलच असे नाही. एकदाच माप घ्यायचे तर ते भरपूर घ्यावे आणि खरखरीसकट घ्यावे. साफसफाई पुढे केव्हाही, प्रतीवर, करता येते.

हे कळल्यावर ट्रंकांचा प्रश्न आपोआप सुटला. तबकड्यांपैकी ज्या फुटल्या नव्हत्या त्या उभ्या रचून कोरड्या कपाटात ठेवल्या. त्यांवरचे बरेचसे गाणे फोनवर मिळते, हे कन्येचे म्हणणे खरेच होते. कॅसेटींचे तसे नव्हते. अण्णांनी त्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या होत्या. त्या वेळी आम्हा भावंडांना चुळबूळ करण्याची देखील बंदी असे. एका कॅसेटीत धारवाडहून लागलेल्या गायनाच्या ऐन मध्यावर स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आहे. ते आमच्याच हातून पडले होते. प्रत्येक कॅसेटीच्या आरंभी अण्णा हलक्या आवाजात तारीख, वार, केंद्राचे आणि गायकाचे नाव सांगतात.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांनी आपल्या मुद्रिकांच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारून ठेवले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, आणि तेथल्या कामगारांना कोणाचे गाणे हे कळावे म्हणून ही रीत होती. अण्णांना हे माहीत असण्याचा संभव नाही. पण त्यांच्या त्या सवयीमुळे आज आमच्याजवळ बहात्तर कॅसेटींची बिनचूक नोंद आहे. आणि आमच्या फोनवरच्या सेवांत रागाचे नाव चुकलेले, साथीदारांची नावे गाळलेली मुद्रणे आम्हांला वारंवार भेटतात.

कन्या आता दर सुटीत दहा-बारा कॅसेटी २४ बिट-९६ या मापाने संगणकावर उतरवते. खरखर काढायची नाही, भांडे काढायचे नाही, असा आमचा करार आहे. फोनवरच्या सेवेची वर्गणीही आम्ही भरली आहे. नवे गाणे त्यावरच ऐकतो, आणि ३२० किलोबिटांवर समाधानी आहोत.

ज्या वाचकांच्या घरी अशा ट्रंका असतील त्यांना आमची एवढीच विनंती आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, तंजावर, आपण कोठेही असा, नवी सेवा अवश्य घ्या. पण जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी त्यातले एकदा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ऐकवा. कॅसेट लगेच यंत्रात घालू नका. आधी हाताने दोन्हीकडे गुंडाळून पाहा, बुरशी असल्यास जाणकाराकडे न्या. आणि उतरवून झाल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

पहिली कॅसेट उतरवून झाली त्या संध्याकाळी आम्ही ती लाकडी स्पीकरांवर लावली. अण्णांनी तारीख सांगितली. मातोश्रींनी ती ऐकली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वार चुकलाय त्यांचा. तो गुरुवार होता."

आम्ही पंचांग काढून पाहिले. गुरुवारच होता.